विंचू उतरतो म्हणजे काय होते?

महाड तालुक्यातल्या काही शिक्षकांबरोबर एकदा आम्ही वर्गात करता येण्याजोग्या सोप्या प्रयोगांविषयी बोलत होतो. दुपारच्या चहाला विषय निघाला विंचवाचा. उन्हाळ्यात त्या भागात चार माणसे एकत्र बसली की तो निघतोच. एका ज्येष्ठ गुरुजींनी विचारले, ''मंत्राने विंचू उतरतो की नाही, ते एकदा स्पष्ट सांगा. आमच्या वाडीत उतरवणारा आहे. त्याच्याकडे रडत गेलेला माणूस हसत परत आलेला मी स्वतः पाहिला आहे.'' आम्ही 'अंधश्रद्धा' असा शब्द उच्चारून मोकळे होऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही म्हणालो, ''गुरुजी, तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. बहुतेकांचा विंचू उतरतोच. ज्यांचा उतरत नाही, त्यांचे काय होते ते पाहायला हवे.''

त्या दिवशी चहाच्या वेळात जे सांगून झाले नाही, ते येथे लिहीत आहोत. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांशी या विषयाचा विशेष संबंध आहे. विंचवाच्या विषाने माणूस का मरतो आणि त्याला कसे वाचवावे, या प्रश्नाचे उत्तर जगाला मिळाले ते बरेचसे याच भागातून.

प्रथम विंचवाची थोडी ओळख करून घेऊ. विंचू हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात (पुढचे दोन चिमटे पायांत मोजायचे नाहीत), म्हणजे तो कोळी आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला. तो 'चावतो' असे आपण म्हणतो, पण तोंडाने चावत नाही. शेपटीच्या टोकाच्या नांगीने टोचतो. नांगीच्या फुगीर भागात विषाच्या दोन ग्रंथी असतात आणि किती विष सोडायचे यावर त्याचा ताबा असतो. कधी तो कोरडीच नांगी मारतो, कधी पुरेपूर विष सोडतो. त्याची दृष्टी अधू असते, पण जमिनीची बारीकशी थरथर त्याला पायांनी कळते. दिवसा तो फटीत बसतो आणि रात्री झुरळे, रातकिडे, वाळवी असे भक्ष्य शोधायला बाहेर पडतो. मादी अंडी घालत नाही; जिवंत पिल्ले जन्माला येतात आणि पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर बसून असतात. विंचवाची पिल्ले आईला खातात, ही समजूत मुलांच्या मनातून काढून टाकायला हरकत नाही.

या भागात दोन प्रकारचे विंचू लोकांच्या विशेष परिचयाचे आहेत. एक मोठा, काळा, जाडजूड चिमट्यांचा. तो दिसायला भयंकर, त्याची नांगी लागली तर वेदना पुष्कळ, पण जिवाला सहसा धोका नाही. दुसरा लहान, तांबूस किंवा नारिंगी-तपकिरी, बारीक चिमट्यांचा आणि त्या मानाने जाड शेपटीचा. हा लाल विंचू. १७९८ मध्ये फॅब्रिशिअस या शास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या शास्त्रीय नावाचा पहिला भाग आजवर अनेकदा बदलला आहे (मेसोबुथस हे नाव जुन्या पुस्तकांत सापडेल, आता हॉटेनटोट्टा म्हणतात). दुसरा भाग, टॅम्युलस, तसाच राहिला. जगातल्या अत्यंत घातक विंचवांत त्याची गणना होते. 'चिमटे बारीक नि शेपटी जाड, तर जपून' एवढी खूण मुलांना सांगून ठेवावी. 'इंगळी' हा शब्द मात्र गावोगाव वेगवेगळ्या विंचवांना लावतात, तेव्हा केवळ नावावरून धोका ठरवू नये.

आता उतरण्याविषयी. विंचवाची नांगी लागली की त्या जागी आग होते, कळा वर चढत जातात. नांगी पायाला लागली तर जांघेपर्यंत आणि हाताला लागली तर काखेपर्यंत ठणका लागतो. ज्याच्या शरीरात थोडेच विष गेले आहे, त्याची वेदना काही तासांत आपोआप ओसरते. मंत्र घातला तरी ओसरते, पाला चोळला तरी ओसरते आणि काहीच केले नाही तरी ओसरते. मग श्रेय कुणाला? ज्याच्याकडे आपण त्या वेळी बसलेले असतो त्याला. यात मांत्रिकाची लबाडी असतेच असे नाही. तोही तेच पाहतो, जे गुरुजींनी पाहिले.

परंतु काहींच्या बाबतीत गोष्ट वेगळी होते. विशेषतः लहान मुलांच्या, कारण विष तेवढेच आणि शरीर लहान. नांगी लागल्यावर थोड्याच वेळात उलट्या सुरू होतात. सर्वांग घामाने निथळू लागते, कपडे भिजतात. तोंडाला लाळ सुटते. हातपाय थंडगार पडतात. मुलग्यांत आणि पुरुषांत लिंगाला ताठरता येते. हे लक्षण लाजेने कुणी सांगत नाही, पण ते फार महत्त्वाचे आहे. गंमत अशी, की अशा रोग्याची दंशाच्या जागची वेदना पुष्कळदा फार नसते. घरचे म्हणतात, 'ठणका कमी झाला, विंचू उतरला.' आणि काही तासांनी रोगी खोकू लागतो, त्याला आडवे पडवत नाही, दम लागतो, तोंडावाटे गुलाबीसर फेस येतो. वेळीच योग्य उपचार झाला नाही, तर तो दगावतो.

घामाचे हे लक्षण आपल्या लोकांच्या पाहण्यातले जुनेच आहे. संत एकनाथांच्या विंचवावरील भारुडात नांगी लागल्यावर अंगाला घाम सुटण्याचा उल्लेख येतो. भारुडातला विंचू कामक्रोधाचा आहे हे खरे, पण घाम मात्र खऱ्याखुऱ्या विंचवाचा आहे.

वैद्यकाच्या पुस्तकांना हे सारे उमगायला वेळ लागला. विंचूदंशानंतर फुफ्फुसांत पाणी भरते, अशी नोंद डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये केली होती. पण असे का होते आणि त्यावर नेमका उपाय काय, याविषयी गोंधळच होता. त्यात अडचण अशी, की मोठी रुग्णालये आणि संशोधक शहरात होते, तर विंचू आणि त्याचे रोगी होते कोकणातल्या वाड्यावस्त्यांत. रोगी शहरापर्यंत पोचेतो एक तर बरा झालेला असे, नाही तर संपलेला. मधले तास कुणी पाहिलेच नव्हते.

ते पाहिले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातून आलेला हा तरुण डॉक्टर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. (रायगड जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते.) विंचू लागलेले रोगी तेथे वारंवार येत आणि त्यांतले काही डोळ्यांदेखत जात. त्यांनी काय केले, तर रोग्याच्या खाटेशेजारी बसून नोंदी ठेवल्या. नांगी कधी लागली, उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय कधी गार पडले, दम कधी लागला. यासाठी लागते काय? घड्याळ, रक्तदाब मोजायचे यंत्र, स्टेथोस्कोप, वही, आणि रात्रभर जागण्याची तयारी. आमच्या क्षेत्रात महागड्या उपकरणांवाचून संशोधन अडते, अशी तक्रार आम्ही सगळेच करतो. ती करताना या वहीची आठवण होते.

या नोंदींतून हळूहळू एक क्रम दिसू लागला. उलटी, भरपूर घाम, लाळ, लिंगाची ताठरता आणि थंड हातपाय ही लक्षणे ज्यांच्यात दिसतात, त्यांच्याच हृदयावर पुढे संकट येते. म्हणजे ही लक्षणे येणाऱ्या संकटाची आगाऊ सूचना आहेत. ज्याला केवळ कळा येत आहेत, त्याला बहुधा धोका नाही. हे निष्कर्ष १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडमधल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आता हे का घडते ते पाहू. वर्गात चेतासंस्था शिकवताना याचा उपयोग होईल.

मज्जातंतूतून संदेश जातो तो विजेच्या लहरीसारखा. तंतूच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. संदेश आला की सोडिअमची दारे उघडतात, सोडिअमचे आयन आत शिरतात आणि सुमारे एक सहस्रांश सेकंदात दारे आपोआप मिटतात. मग पोटॅशिअमची दारे उघडून पोटॅशिअम बाहेर जाते आणि तंतू पुन्हा पूर्वस्थितीत येतो. भाताच्या खाचराचे उदाहरण घ्या. बांधाला तोंड पाडून पाणी आत घेतले, तर पुरेसे झाल्यावर ते तोंड बुजवावे लागते. आणि जास्तीचे पाणी काढायला दुसऱ्या बाजूची वाट मोकळी असावी लागते. लाल विंचवाच्या विषात अनेक लहान प्रथिने असतात. त्यांतली काही सोडिअमचे दार मिटूच देत नाहीत, तर काही पोटॅशिअमची वाट बुजवतात. पाणी येतच राहिले आणि बाहेर जायची वाट बंद, तर खाचराचे काय होईल? तंतूचे तेच होते. तो एकदा संदेश देऊन थांबत नाही, देतच राहतो.

(येथे एक अवांतर गोष्ट. याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन नावाचे एक प्रथिन वेगळे करण्यात आले. अवघ्या ३७ अमिनो आम्लांची ती साखळी आहे. पोटॅशिअमच्या एका विशिष्ट प्रकारच्या दारालाच ते अचूक बूच बसवते. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत ते दार ओळखण्यासाठी त्याचा वापर होतो. पोलादपूरच्या माळावरचा विंचू अशा रीतीने आमच्या शीतकपाटात येऊन बसला आहे.)

विषाचा सर्वांत मोठा तडाखा बसतो तो स्वायत्त चेतासंस्थेला. आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या गोष्टी, म्हणजे हृदयाचे ठोके, घाम, लाळ, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, ती सांभाळते. तिचे दोन भाग आहेत: अनुकंपी आणि परानुकंपी. सुरुवातीला थोडा वेळ परानुकंपीचा गोंधळ होतो. उलटी, लाळ, मंद नाडी ही त्याची चिन्हे. त्यानंतर अनुकंपी भाग खवळतो आणि तो दीर्घकाळ खवळलेलाच राहतो. अ‍ॅड्रेनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांचा शरीरात अक्षरशः पूर येतो. समोर वाघ आल्यावर जी संप्रेरके आपल्याला पळायला बळ देतात, तीच ही. पण वाघ गेला की ती ओसरतात. येथे मात्र वाघ जातच नाही.

या पुरामुळे शरीरभरच्या लहान रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणूनच हातपाय गार पडतात, कारण तेथे रक्तच पोचत नाही. बागेला पाणी देताना नळीचे तोंड अंगठ्याने दाबून पाहा. नळीतला दाब वाढतो. तसाच रक्तदाब वाढतो आणि हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. हृदयाचा डावा खालचा कप्पा थकतो. त्याला पुढे ढकलता न आलेले रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते आणि रक्तातला द्रव वायुकोशांत झिरपतो. हवेच्या जागी पाणी येते. (पावसात भिजून 'छातीत पाणी झाले' म्हणतात ते हे नव्हे.) माणूस कोरड्या जमिनीवर, स्वतःच्या खाटेवर, आतल्या आत बुडू लागतो. म्हणजे रोग्याचा जीव जातो तो विषाने सुरू करून दिलेल्या त्याच्या स्वतःच्याच संप्रेरकांच्या पुरामुळे.

एवढे कळल्यावर जुने उपचार का फसत होते, हेही कळते. हृदय दुबळे पडले आहे असे पाहून त्याला जोर देणारे डिजॉक्सिन देत. सूज आणि अ‍ॅलर्जी समजून स्टेरॉइड देत. गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण टोचत. घाम आणि लाळ थांबावी म्हणून अ‍ॅट्रोपीन देत. त्याने घाम थांबे, पण परानुकंपी भागाचा उरलासुरला लगाम सुटून हृदयावरचा ताण आणखी वाढे. कशेडी घाटात भरलेली बैलगाडी अडली आहे असे समजा. बैल थकले म्हणून त्यांना चाबूक मारायचा, की गाडीतला भार उतरवायचा? जुने उपचार बहुतांशी चाबकाचे होते.

भार उतरवायचा म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या. बावस्करांनी प्रथम सोडिअम नायट्रोप्रुसाइड हे औषध वापरून पाहिले. गुण येई, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि रक्तदाब सतत मोजत बसावे लागते. खेड्यातल्या दवाखान्यात हे कसे जमावे? तेच काम करणारे पोटात घेण्याचे औषध हवे होते. ते सापडले प्राझोसिनमध्ये. उच्च रक्तदाबाच्या रोग्यांसाठी १९७० च्या दशकात वापरात आलेली ही साधी, स्वस्त गोळी. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर 'अल्फा' नावाची कुलुपे असतात आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची किल्ली त्यांत बसली की वाहिनी आवळते. प्राझोसिन त्या कुलपात आधीच जाऊन बसते, पण ते फिरवत नाही. मग खरी किल्ली कितीही आली तरी तिला जागा नसते. वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो, हातपाय पुन्हा कोमट होऊ लागतात. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या उपचाराचे अनुभव १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. त्यापूर्वी गंभीर लक्षणे घेऊन आलेल्या रोग्यांपैकी शेकडा सुमारे ३० दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले.

पुढे विंचवाच्या विषावरची लसही आली. मुंबईच्या हाफकिन संस्थेत, घोड्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ती बनवली जाते. मग नवा प्रश्न उभा राहिला: गोळी पुरेशी असताना लस कशाला? येथे मत देऊन भागत नाही, तुलना करावी लागते. महाडला ७० रोग्यांवर ती केली गेली. कोणाला काय द्यायचे हे डॉक्टरांच्या पसंतीवर न सोडता यदृच्छेने ठरवले. ३५ जणांना केवळ प्राझोसिन दिले, तर ३५ जणांना प्राझोसिन आणि लस दोन्ही. १० तासांत पूर्ण बरे झालेले रोगी पहिल्या गटात ८ निघाले, दुसऱ्या गटात ३२. हा अभ्यास २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. मुलांना 'नियंत्रित प्रयोग' शिकवताना पाठ्यपुस्तकातल्या कुंडीतल्या रोपांबरोबर हेही उदाहरण द्यावे. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बिरवाडीच्या त्या वहीला ४६ वर्षे होऊन गेली होती.

लस रक्तात फिरणारे विष निकामी करते. पण जे विष मज्जातंतूंना आधीच चिकटले आणि जी संप्रेरके आधीच सुटली, त्यांवर तिचा फारसा इलाज नाही. म्हणून ती जितकी लवकर मिळेल तितकी उपयोगी. गोळीचेही तसेच. आणि आपल्याला, म्हणजे शिक्षकाला, करण्यासारखे जे आहे ते नेमके येथे आहे. रोगी आणि औषध यांच्यामधला वेळ आपण कमी करू शकतो.

विंचू लागलेले मूल समोर आले, तर आधी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. मग चार गोष्टी पाहा: उलटी झाली का, कपाळ आणि छाती घामाने ओली आहे का, तोंडाला लाळ सुटली आहे का, तळहात आणि तळपाय गार आहेत का. मुलगा असेल तर पाचवी गोष्टही न लाजता विचारा. यांतले एक जरी लक्षण दिसले, तरी कुठेही न थांबता त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पोचवा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. लहान मूल असेल, तर लक्षणांची वाट न पाहताच निघणे बरे. मुलाला चालवू नका, पळवू नका. दंशाच्या जागी चिरा देऊ नका, घट्ट दोरी बांधू नका, चटका देऊ नका. पोटॅशिअम परमँगनेट आणि लिंबाचा रस यांचा फसफसणारा उपाय अजून काही जण करतात. त्यात रासायनिक क्रियेची उष्णता निर्माण होते, कातडी भाजते, आणि विष केव्हाच पुढे गेलेले असते. जागेवर बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी ठेवली तर ठणका थोडा सुसह्य होतो, तेवढे करता येईल.

प्राझोसिनची गोळी इतकी साधी आहे, तर ती शाळेतच का ठेवू नये, असे कुणीतरी विचारतेच. आमचे मत विरुद्ध आहे. तिची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, दर काही तासांनी रक्तदाब पाहून ती पुन्हा द्यावी लागते आणि पहिल्या गोळीनंतर रोगी उठून उभा राहिला तर रक्तदाब एकदम उतरून तो कोसळू शकतो. हे काम डॉक्टरांचे आहे.

कधी विंचू दिसतच नाही. रात्री झोपलेले मूल एकाएकी किंचाळून उठते, रडायचे थांबत नाही, घामाघूम होते, लाळ गळते, पाय थंड लागतात. घरच्यांना वाटते पोटात दुखते, कुणाला वाटते नजर लागली. अंगावर फारशी सूज किंवा खूणही दिसत नाही. महाड-पोलादपूरच्या भागात, विशेषतः एप्रिल ते जूनच्या काळात, असे मूल समोर आले तर विंचू हा विचार सर्वांत आधी मनात यायला हवा.

मांत्रिकाचे काय करायचे? गुरुजींना आम्ही सुचवले ते असे: त्याच्याशी भांडू नका, त्याला ही चार लक्षणे दाखवा. वाडीत रात्री-अपरात्री पहिला दरवाजा त्याचाच वाजतो. 'ज्याचे हातपाय गार लागतील त्याला मी हात लावणार नाही, थेट दवाखान्यात धाडीन' एवढे त्याने कबूल केले, तरी पुष्कळ झाले. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ''तो माझा विद्यार्थीच आहे. ऐकेल.''

विंचू घरात येतो कशाला, तेही पाहू. जांभ्या दगडाच्या भिंतीतल्या फटी, ओसरीला रचलेली लाकडे, शेणींची रास, भाताचा पेंढा, कौलांचा ढीग अशी जागा त्याला फार आवडते: दिवसा थंड, अंधारी आणि रात्री भक्ष्य हाताशी. उन्हाची काहिली वाढली की तो आतून बाहेर येतो. पेंढा उपसताना, सरपण काढताना, चपलेत पाय घालताना आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपल्यावर नांगी लागण्याचे प्रसंग जास्त. म्हणून सरपण आणि शेणी घराच्या भिंतीपासून दूर रचाव्यात, फटी लिंपून घ्याव्यात, लाकूड उचलण्याआधी काठीने हलवावे, अंथरूण आणि चपला झटकाव्यात, रात्री उजेडाशिवाय बाहेर पाऊल टाकू नये. खाटेवर झोपणे जमिनीवर झोपण्यापेक्षा सुरक्षित. गुळगुळीत पृष्ठभागावर विंचवाला चढता येत नाही. उंबऱ्याच्या आणि भिंतीच्या खालच्या भागाला गुळगुळीत फरशीचा पट्टा लावला, तर त्याची वाट अडते. अंगणातल्या कोंबड्या विंचू टिपतात, ही आजीची माहितीही खरी आहे.

विंचवाच्या कातडीत असे काही पदार्थ असतात, की अतिनील प्रकाशात तो हिरवट-निळा चमकतो. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसली जांभळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी घेऊन रात्री अंगणाच्या कडेने फिरल्यास विंचू कोठे कोठे आहेत ते दुरून दिसते. हे मोठ्या माणसांनी, पायांत बूट घालून करायचे आहे; मुलांना फक्त लांबून दाखवावे. दिसला तो प्रत्येक विंचू मारलाच पाहिजे असे नाही. घरापासून दूर माळावर तो किडे खात असेल, तर खाऊ द्यावा.

शाळेत एक वही सुरू करता येईल. गावात कुणाला विंचू लागला की मुलांनी माहिती आणायची: तारीख, वेळ, जागा, माणूस तेव्हा काय करत होता, विंचू दिसला असल्यास रंग कोणता, आणि घाम, उलटी, लाळ, गार हातपाय यांपैकी काय झाले. दवाखान्यात किती वेळाने पोचले, त्याचा एक वेगळा रकाना ठेवावा. नावे लिहू नयेत, वय लिहावे. वर्षअखेरीस महिन्यांप्रमाणे स्तंभालेख काढावा. कुठला महिना उंच येतो, कुठल्या वाडीतून पोचायला सर्वाधिक वेळ लागतो, हे मुलांनाच सांगू द्यावे. आणि जमल्यास तो आलेख आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना नेऊन दाखवावा.